श्टुटगार्टला येण्याआधी 'इको' खरेदीची यादी बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका जोडप्याला कंपनीच्या बदलीवर चाकणहून तीन वर्षांसाठी श्टुटगार्टला यायचं आहे, सोबत पाच वर्षांची मुलगी. घरी ओला-सुका कचरा वेगळा करतात, गच्चीत कंपोस्ट आहे. त्यांनी विचारलंय : युरोपात पर्यावरणपूरक राहायचं तर काय काय विकत घ्यावं, कोणत्या दुकानांतून घ्यावं, विमान टाळून फिरता येतं का, आणि हे सगळं परवडतं का? सोबत बांबूचे ब्रश, मेणकापड, स्टीलच्या स्ट्रॉ, कापडी पिशव्या अशी एक लांबलचक यादीही पाठवली आहे.

त्या यादीतलं जवळजवळ काहीच घेऊ नका. मी इथे भाडेकरूंना घरातल्या ऊर्जेबद्दल सल्ला देण्याचं काम करते, म्हणजे लोकांची हीटिंगची बिलं वाचणं हाच माझा धंदा. त्यामुळे माझं उत्तर जरा त्या बाजूला झुकलेलं असेल, हे आधीच सांगते. पण हिशोब बघा. जर्मनीत माणशी वर्षाला साधारण 10 टन हरितगृह वायू हवेत जातात. त्यात घर तापवणं, विमान, स्वतःची गाडी आणि ताट या चार गोष्टींचं वजन फार मोठं. बांबूचा ब्रश या हिशोबात ग्रॅममध्येसुद्धा नीट दिसत नाही. इथे येणारे बरेच लोक पिशवीबद्दल काटेकोर असतात आणि घराचं ऊर्जा-प्रमाणपत्र न बघता भाडेकरारावर सही करतात.

म्हणून सुरुवात घरापासून. घर दाखवताना मालकानं किंवा दलालानं 'एनर्गीआउसवाइस' म्हणजे ऊर्जा-प्रमाणपत्र दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यावर ए प्लसपासून एचपर्यंत श्रेणी असते आणि दर चौरस मीटरला वर्षाला किती किलोवॉट-तास लागतात तो आकडा असतो. समजा 70 चौरस मीटरचं घर आहे. आकडा 60 असेल तर वर्षाला 4,200 किलोवॉट-तास लागतील, 200 असेल तर 14,000. घर गॅसवर तापत असेल तर या फरकातून वर्षाला जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो तुमच्याच पैशानं. जुन्या घरांच्या उंच छतांवर आणि लाकडी जमिनींवर आपली मंडळी भाळतात. मीही भाळते, पण प्रमाणपत्र वाचून झाल्यावर. श्टुटगार्टमध्ये घर मिळणं मुळात इतकं अवघड आहे की निवड करायला वाव असेलच असं नाही. दोन घरं हातात असतील आणि भाड्यात थोडाच फरक असेल, तर कमी आकड्याचं घ्या. नुसतं 'काल्टमीटे' म्हणजे हीटिंग सोडून असलेलं भाडं बघून तुलना करू नका.

घरात राहायला गेल्यावर रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर 1 ते 5 आकडे दिसतील. ते वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत : 3 म्हणजे सुमारे 20 अंश, पुढचा-मागचा प्रत्येक आकडा साधारण 4 अंशांचा. बाहेरून गारठून आल्यावर 5 वर फिरवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. ती तेवढ्याच वेगानं तापते आणि 28 अंशांपर्यंत तापत राहते. एक अंश कमी ठेवला तर हीटिंगची सुमारे 6 टक्के ऊर्जा वाचते. घरात स्वेटर घालायचा हा इथला साधा रिवाज आहे. पहिल्या हिवाळ्यात आपल्याकडच्या लोकांना तो कंजूषपणा वाटतो, दुसऱ्या हिवाळ्यात तेच लोक लोकरी मोजे विकत घेताना दिसतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खिडक्या. दिवसातून दोन-चार वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, रेडिएटर तेवढा वेळ बंद ठेवायचा, मग सगळं पुन्हा बंद. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली तर हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते आणि तिथेच बुरशी धरते. आपल्या स्वयंपाकात वाफ खूप. वरण-भाताचे दोन कुकर, त्यावर उकळती आमटी, वर आतल्या खोलीत वाळत घातलेले कपडे. बुरशीला आणखी काय हवं? 'शिमेल', म्हणजे बुरशी, या एका कारणावरून मालक आणि भाडेकरू यांच्यात जितके वाद होतात तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. कपडे वाळवायला इमारतीच्या तळघरात बहुधा सामायिक खोली असते, ती वापरा. ड्रायर घेऊ नका. दोरीवर कपडे वाळवण्याची सवय तुम्हाला आहेच, ती फक्त मोडू देऊ नका.

बिलाची एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. गॅस आणि तेलावर जो कार्बन-कर लागतो (2025 मध्ये टनामागे 55 युरो), तो 2023 पासून मालक आणि भाडेकरू यांनी वाटून घ्यायचा असतो. घर जितकं जास्त ऊर्जा खाणारं, तितका मालकाचा वाटा मोठा. सगळ्यात वाईट इमारतींत तो 95 टक्क्यांपर्यंत जातो. हीटिंग सामायिक असेल तर वार्षिक हिशोबात मालकानं हे दाखवलं पाहिजे. तुमच्या घरात स्वतंत्र गॅस बॉयलर असेल आणि करार तुमच्या नावावर असेल, तर हे पैसे तुम्हाला स्वतःहून मागावे लागतात, बिल आल्यापासून बारा महिन्यांच्या आत. काही अडलं तर 'फरब्राउखरझेंट्राले' या ग्राहक केंद्रात ऊर्जा-सल्ला मोफत किंवा नाममात्र शुल्कात मिळतो.

वीज बदलणं सोपं आहे. घरात गेल्यावर आपोआप स्थानिक कंपनीचा मूळ दर लागतो, जो बहुधा महाग असतो; त्यातून दोन आठवड्यांच्या नोटिशीनं बाहेर पडता येतं. 'ओकोश्ट्रोम' अशी पाटी लावलेली हरित वीज सगळेच विकतात. त्यातल्या बऱ्याच कंपन्या नॉर्वेतल्या जुन्या जलविद्युत केंद्रांची प्रमाणपत्रं विकत घेऊन तो शिक्का मारतात, नवं काही उभं राहत नाही. 'ग्रूनर श्ट्रोम' किंवा 'ओके-पॉवर' ही चिन्हं असतील तर थोडा तरी अर्थ आहे. बाल्कनी दक्षिणेकडे असेल तर 'बाल्कोनक्राफ्टवेर्क' बघा : एक-दोन सौर पॅनेल आणि 800 वॉटपर्यंतचा इन्व्हर्टर, सरळ घरातल्या प्लगमध्ये लावायचा. 2023 पासून त्यावर व्हॅट नाही, आणि ऑक्टोबर 2024 पासून मालकाला ठोस कारणाशिवाय परवानगी नाकारता येत नाही. तीन वर्षांच्या मुक्कामात पैसे वसूल होतील की नाही हे बाल्कनीवर ठरेल, पण पॅनेल खोलून पुढच्या घरी नेता येतात किंवा विकता येतात.

आता कचरा. याबद्दल सगळे इतकं बोलतात की मी आवरतं घेते. पिवळ्यात वेष्टनं, बहुधा निळ्यात कागद, तपकिरीत स्वयंपाकघरातला ओला कचरा, उरलेलं काळ्या-करड्यात. काच रस्त्यावरच्या टाक्यांत पांढरी, हिरवी, तपकिरी अशी वेगळी. निळी बाटली हिरव्यात जाते. रविवारी काच टाकू नका, खळखळाट झाला की शेजारी खिडकीत येतात. पुण्याच्या सवयीनं एक घोळ हमखास होतो : पिवळा डबा 'प्लास्टिकचा' नाही, 'वेष्टनाचा' आहे. त्यामुळे तुटलं खेळणं किंवा प्लास्टिकची बादली नियमाप्रमाणे त्यात जात नाही. काही शहरांत दोन्हींसाठी एकच डबा असतो, तेव्हा आपल्या शहराचा तक्ता बघून घ्या. ओल्या कचऱ्यासाठी 'विघटनशील' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या बऱ्याच शहरांत चालत नाहीत, वर्तमानपत्राचा कागद चालतो. कपड्यांसाठी युरोपीय संघात 2025 पासून वेगळं संकलन सक्तीचं झालंय, त्यावरून बराच गोंधळ उडाला. घालता येण्याजोगे कपडे कपड्यांच्या पेटीत टाकायचे. फाटके, तेलकट चिंध्या जर्मनीत अजूनही काळ्या डब्यातच. आणि हो, श्टुटगार्टमध्ये दारावर एक दिवस अचानक 'केअरवोखे' अशी पाटी लटकलेली दिसली तर घाबरू नका. जिना आणि अंगण झाडायची पाळी या आठवड्यात तुमची आहे, एवढाच अर्थ. श्वाबी, म्हणजे या भागातले मूळचे लोक, ती फार मनावर घेतात.

बाटल्यांवरच्या अनामत रकमेबद्दल, म्हणजे 'फांड'बद्दल, थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथे भलेभले चुकतात. एकदा वापरून चिरडल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन यांवर 25 सेंट अनामत असते. धुऊन पुन्हा भरल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटलीवर 8 सेंट, पाण्याच्या किंवा रसाच्या बाटलीवर बहुधा 15. दोन्ही सुपरमार्केटच्या एकाच मशीनमध्ये टाकता येतात, दोन्हींची पावती मिळते, म्हणून दोन्ही सारख्याच चांगल्या असा समज होतो. प्रत्यक्षात जिची अनामत जास्त, तीच पर्यावरणाला वाईट. ती आत जाऊन लगेच चेपली जाते. काचेवर बारीक मोत्यांसारखे उंचवटे असलेली पाण्याची बाटली दिसेल. तो नमुना 1969 पासून चालू आहे, आणि तीच बाटली वेगवेगळ्या कंपन्या धुऊन भरत राहतात. बाटली मशीनमध्ये टाकण्याआधी चुरगाळू नका, बारकोड वाचता आला पाहिजे. रस्त्यात रिकामी बाटली नकोशी झाली तर कचराकुंडीत टाकू नका, शेजारी उभी ठेवा. त्या गोळा करून दिवस भागवणारी माणसं असतात.

पण मुळात पाणी विकत घेताच कशाला? श्टुटगार्टच्या नळाला काही भागांत थेट बोडनझे सरोवरातून नळानं आणलेलं पाणी येतं, ते निर्धास्त पिता येतं. पुण्याहून पाण्याचं फिल्टर आणणारे लोक मी पाहिले आहेत. आणू नका. बाहेर जाताना बाटली भरून घ्या. झ्युरिकमध्ये तर हजारावर कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचंच असतं.

खरेदीकडे वळू. 'बिओ' आणि 'ओको' (म्हणजे सेंद्रिय) हे शब्द खाद्यपदार्थांवर कायद्यानं राखीव आहेत. पाकिटावर हिरव्या चौकटीत चांदण्यांनी काढलेलं पान दिसलं की ते युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांनुसार तपासलेलं आहे. बिओलांड, नाटुरलांड, डेमेटर या सेंद्रिय शेतीच्या संघटनांचे नियम त्याहून कडक. हे सगळं घ्यायला महागड्या सेंद्रिय दुकानात जावं लागत नाही. डीएमसारख्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात आणि आल्डी-लिडलसारख्या स्वस्त साखळ्यांत सेंद्रिय डाळ, पीठ, ओट मिळतात आणि फरक काही सेंटांचा असतो. अंड्यावरच्या शिक्क्याचा पहिला आकडा बघा : 0 सेंद्रिय, 1 मोकळ्या अंगणातलं, 2 बंद कोठारातलं, 3 पिंजऱ्यातलं. इतर वस्तूंवर 'निळा देवदूत' हे चिन्ह विश्वासार्ह; 1978 पासूनचं, अशा प्रकारचं जगातलं पहिलं. मात्र 'पर्यावरणपूरक', 'निसर्गस्नेही', 'हवामान-तटस्थ' या नुसत्या शब्दांना मी आजवर भाव दिला नाही. सप्टेंबर 2026 पासून युरोपीय संघात पुराव्याशिवाय असे दावे करता येणार नाहीत, आणि झाडं लावली म्हणून माल तटस्थ झाला असंही म्हणता येणार नाही. बऱ्याच पाट्या त्यानंतर गुपचूप बदलतील.

वेष्टनाविना माल विकणारी दुकानं तुम्ही विचारली आहेत. कील शहरात 2014 मध्ये असं दुकान निघालं, मग त्यांचं पीक आलं, आणि गेल्या काही वर्षांत बरीच बंदही पडली. जवळ असेल तर जरूर जा. पण खरं सांगायचं तर भारतीय किराणा दुकानातून तांदळाची 10 किलोची गोणी आणि डाळीचं मोठं पाकीट आणलं की वेष्टनाचं काम बरंचसं झालेलं असतं. बाहेरून जेवण आणताना डबा न्या. 2023 पासून मोठ्या हॉटेलांना परत करता येणाऱ्या डब्यात जेवण द्यायचा पर्याय ठेवावा लागतो, आणि लहान टपऱ्यांना तुम्ही आणलेल्या डब्यात भरून द्यावं लागतं. शेजारच्या ट्युबिंगन गावानं तर 2022 पासून एकदा वापरायच्या कपावर 50 सेंट कर लावलाय. एका फास्टफूडच्या फ्रँचायझीनं तो थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत नेला. जानेवारी 2025 मध्ये निकाल गावाच्या बाजूनं आला.

ताटाबद्दल आपल्या लोकांचे दोन गैरसमज असतात. पहिला : आम्ही शाकाहारी, म्हणजे प्रश्न मिटला. हायडलबर्गच्या 'इफॉय' संस्थेनं 2020 मध्ये जर्मनीत विकल्या जाणाऱ्या पदार्थांचे आकडे काढले. त्यात गोमांसाच्या किलोमागे सुमारे 13.6 किलो हरितगृह वायू आहेत, आणि लोण्याच्या किलोमागे 9. म्हणजे पनीर, चीज, लोणी आणि त्यातून कढवलेलं तूप यांवर चालणारं शाकाहारी घर फार हलकं नसतं. तूप सोडा असं मी म्हणणार नाही, माझ्या घरी म्हटलेलं चालणारही नाही. पण रोजचं प्रथिन डाळींतून आणि तूप वरणभातावर चमचाभर, ही आपली मूळ पद्धतच इथे चांगली पडते. दुसरा गैरसमज : जवळचं ते चांगलं, लांबचं ते वाईट. डाळ आणि तांदूळ जहाजातून येतात, आणि जहाजाचा वाटा किरकोळ असतो. त्याच यादीत जहाजानं आलेल्या अननसाचा आकडा 0.6 आहे, आणि विमानानं आलेल्याचा 15.1. उलट जानेवारीत जवळच्याच तापवलेल्या काचघरात पिकवलेला टोमॅटो स्पेनहून ट्रकनं आलेल्या टोमॅटोपेक्षा कितीतरी पट जड असतो. हिवाळ्यात चटणी-कोशिंबिरीला कोबी, गाजर, बीट घ्या; ताज्या टोमॅटोऐवजी डब्यातला वापरा, आमटीत कळतसुद्धा नाही.

यावरून हापूसचं काय ते ओळखा. मे महिन्यात इथल्या भारतीय दुकानांत येणारी पेटी विमानानं येते. फळ दोन-तीन आठवडे बोटीवर टिकत नाही. वर्षातून एक पेटी आणून चार घरांत वाटून खाल्ली तर मी काही बोलणार नाही. रोजच्या आंब्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात स्पेनच्या मालागा किनाऱ्यावरचे आंबे येतात, ट्रकनं. हापूस नव्हेत, पण चांगले असतात.

आणि मसूर. श्वाबी माणसाचं आवडतं जेवण म्हणजे मसूर आणि 'श्पेट्झले' नावाच्या घरगुती शेवया. श्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाचं चुनखडीचं पठार आहे, तिथे पूर्वी मसूर पिकायचा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो नाहीसा झाला, कारण काढणी किचकट आणि बाहेरचा मसूर स्वस्त. पुढे काही सेंद्रिय शेतकऱ्यांनी तो पुन्हा लावायला घेतला, पण जुनं स्थानिक वाण कुठेच सापडेना. ते 2006 मध्ये मिळालं, तेही सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात. आता तो 'आल्ब-लाइझा' नावानं विकला जातो. मसुराचं रोप लोळतं, म्हणून त्याला आधार द्यायला ओट किंवा बार्ली सोबत पेरतात आणि काढणीनंतर दोन्ही धान्यं वेगळी करतात. आपल्याकडच्या मिश्र पिकांची आठवण येते. साध्या मसुरापेक्षा बराच महाग आहे, रोज नाही परवडणार. दाणे शिजून विरत नाहीत, तेव्हा आमटीपेक्षा उसळ करा. शनिवारी मार्क्टप्लाट्झ या शहराच्या मुख्य चौकातल्या आठवडी बाजारात फेरी मारा. मे-जूनमध्ये पांढरा आस्पॅरॅगस आणि स्ट्रॉबेरी, थंडीत कर्ली केल ही कुरळ्या पानांची भाजी, हे तिथे चालता-चालता शिकता येतं.

बाकी सामान जुनं घ्या. भाड्याच्या घरात स्वयंपाकघराचा ओटा-कपाटंसुद्धा नसतात बऱ्याचदा. आधीच्या भाडेकरूकडून तेच विकत घेता येतं का ते विचारा. फर्निचर, सायकल, लहान मुलांची खुर्ची हे सगळं 'क्लाइनआन्त्साइगन' या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर मिळतं. मुलीच्या हिवाळी कपड्यांसाठी वसंतात आणि शरदात चर्च नाही तर बालवाड्यांमध्ये जुन्या कपड्यांचे बाजार भरतात, तिथे जा. बर्फातली पॅंट एका हिवाळ्यात आखूड होते, नवी घ्यायची काही गरज नसते. रस्त्याकडेला 'त्सू फरशेंकन' लिहिलेला खोका दिसला तर त्यातलं फुकट न्यायचं असतं. त्यात लाज बाळगू नका, इथे डॉक्टर-प्राध्यापकही वाकून बघतात. फ्रिज नवा घ्यायची वेळ आली तर ई किंवा डी श्रेणी बघून दचकू नका. मार्च 2021 मध्ये श्रेणी नव्यानं आखल्या आणि ए मुद्दाम जवळजवळ रिकामी ठेवली. जुन्यातला ए प्लस प्लस प्लस नव्यात कुठे तरी सी-डीमध्ये बसतो. काही बिघडलं तर 'रिपेअर कॅफे' शोधा. 2009 मध्ये ॲम्स्टरडॅमला ही कल्पना निघाली. स्वयंसेवक तुमच्यासोबत बसून मिक्सरसुद्धा दुरुस्त करतात, पैसे ऐच्छिक.

प्रवासात पहिला निर्णय गाडीचा. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते, नंतर जर्मन परवाना लागतो. तो सहा महिन्यांचा काळ गाडी न घेता काढा. लागलीच तर तासाच्या भाड्यानं कारशेअरिंगची गाडी घ्या. गाड्या बनवणाऱ्या तुमच्या कंपनीच्या गावात हा सल्ला जरा आगाऊपणाचा वाटेल, याची कल्पना आहे. कर्मचारी सवलतीत नवी गाडी मिळत असताना कोण थांबतं? पण पार्किंग, विमा आणि हिवाळी टायर यांचा हिशोब एकदा मांडून बघा. आकडे प्रामाणिकपणे सांगते : जर्मनीच्या पर्यावरण संस्थेच्या हिशोबात लांब पल्ल्याच्या रेल्वेचं उत्सर्जन माणशी किलोमीटरला गाडीच्या साधारण पाचवा भाग असतं. तो हिशोब गाडीत सरासरी दीड माणूस धरून आहे. तुम्ही तिघं बसलात तर फरक कमी होतो, तरी रेल्वे निम्म्याहून खाली राहते.

डॉइचलांडटिकेट हा महिन्याचा पास घ्या. मे 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून महिना 63 युरो. कंपनीचं जॉबटिकेट असेल तर आणखी स्वस्त. देशभरच्या प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम, बस यांत चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत नाही. सहा वर्षांखालच्या मुलीला तिकीट नको. रद्द करायचं तर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत. या एकाच तिकिटावर ट्युबिंगन, उल्म, हायडलबर्ग, बोडनझे, ब्लॅक फॉरेस्ट सगळं होतं, थेट बासलच्या जर्मन स्थानकापर्यंत आणि साल्झबुर्गपर्यंत. ब्लॅक फॉरेस्टमध्ये मुक्काम केला तर हॉटेलात 'कोनुस' कार्ड मागा, सुट्टीभर तिथली बस-रेल्वे फुकट. पाहुणे आलेले असतील तेव्हा हे फार उपयोगी पडतं. लक्झेंबर्गमध्ये तर 2020 पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांनाच मोफत आहे.

श्टुटगार्टहून पॅरिस थेट गाडीनं तीन तासांवर थोडंच लांब आहे. विमानतळावर जाणं-येणं धरलं तर विमान हरतं. तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त, आणि मुलगी सहा वर्षांची झाली की तिची नोंद तिकिटावर करायला विसरू नका. 14 वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांसोबत जर्मन रेल्वेत फुकट जातात. लहान मुलांचा वेगळा डबा असतो, तिथे आरक्षण करा, बाकीच्यांच्या भुवया उंचावत नाहीत. लांबच्या मोठ्या सुट्टीसाठी युरोपभर रेल्वेनं फिरायचा इंटररेल पास बघा. तुम्ही इथले रहिवासी झालात की तो तुम्हाला मिळेल. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना मात्र युरोपबाहेरच्या लोकांसाठीचा युरेल पास घ्यावा लागेल. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पासवरही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये बहुधा नाही. रात्रीच्या गाड्यांसाठी ऑस्ट्रियन रेल्वेची नाइटजेट. म्युनिकहून रोम झोपून गाठता येतं, एका हॉटेलचे पैसे वाचतात, पण तिघांचा स्वतंत्र डबा हवा असेल तर महिनोन् महिने आधी बघा.

जर्मन रेल्वे वेळेवर धावते हा समज पुण्यातच सोडून या. 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त 62 टक्क्यांच्या आसपास वेळेवर होत्या. पाच-सात मिनिटांची बदली धरू नका, अर्धा तास ठेवा. तासभर उशीर झाला तर तिकिटाचे 25 टक्के आणि दोन तासांना 50 टक्के परत मिळतात. 20 मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की स्वस्त तिकीटही दुसऱ्या गाडीला चालतं.

'पंधरा दिवसांत दहा देश' असा दौरा आई-वडिलांना घडवण्याची हौस असेल तर त्याऐवजी त्यांना बोडनझेला आठवडाभर न्या. बोटीनं आणि गाडीनं तीन देश होतात, बॅगा रोज आवराव्या लागत नाहीत, आणि गुडघे दुखत असले तरी बाकांवर बसून सरोवर बघता येतं.

राहता राहिली भारतवारी, आणि तिला पर्याय नाही. मुंबईला जाऊन-येऊन, उंचीवरचे इतर परिणाम धरले तर माणशी दोन टनांच्या वर जातं. वर सांगितलेल्या चांगल्या आणि वाईट घरातला जो वर्षाचा फरक, साधारण तेवढंच एका माणसाचं एक भारत-विमान. म्हणून वर्षातून दोनदा धावतपळत जाण्यापेक्षा एकदा जा आणि जास्त दिवस राहा. कंपनी परवानगी देत असेल तर काही आठवडे तिथूनच काम करा. थेट विमान घ्या, इकॉनॉमीत बसा; बिझनेस क्लासची जागा माणशी अडीच-तीनपट भारी पडते. आजी-आजोबा व्हिसावर 90 दिवस राहू शकतात, त्यांनी एकदाच येऊन पुरेपूर राहावं. उत्सर्जनाची भरपाई म्हणून पैसे द्यायचे असतील तर द्या, पण ते दान समजून. त्यानं तुमचं विमान पुसलं जात नाही.

परवडण्याबद्दल : वरच्या सल्ल्यांत सेंद्रिय जिन्नस आणि आल्बचा मसूर सोडला तर खर्च वाढवणारं काही नाही. कमी हीटिंग, गाडी नाही, जुनं सामान, नळाचं पाणी यांत पैसे उरतातच.

बॅगेत काय भरायचं ते शेवटी. मिक्सर आणा, वीज इथेही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आहे, फक्त पिन बदलावी लागेल. प्रेशर कुकर आणा, पण इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा. ॲल्युमिनियमचा इथल्या बऱ्याच शेगड्यांवर तापतच नाही. स्टीलचे डबे आणा, कापडी पिशव्या घरात असतील त्याच. तूप, पेढे, चितळ्यांची बाकरवडी यांपैकी बाकरवडी आणा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून बॅगेत आणायला बंदी आहे. आणि आजी येताना आंब्याची पेटी आणायचा हट्ट धरतील, तर त्यांना आधीच सांगून ठेवा : डिसेंबर 2019 पासून रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं आणता येत नाहीत, विमानतळावरच टाकून द्यावी लागतात. यातून पाच फळं वगळली आहेत : अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. नारळ आणा म्हणावं, इथले फार लहान असतात.